गावाकडच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार: सस्पेन्शन कंपनीचं ठेवावं की बाहेरचं बसवावं?

विदर्भात वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेतून किंवा वणी-पांढरकवड्याकडे जिनिंगच्या आवारातून हल्ली एखादी बुटकी, रुंद टायरची गाडी बाहेर पडताना दिसते. पुण्यात नोकरीला असलेला पोरगा सेकंडहँड पोलो जीटीआय किंवा ऑक्टाव्हिया आरएस घेऊन आलेला असतो, कुणाकडे मिनी असते, कुणाकडे झेड-फोर, एखाद्याकडे मस्टँग. गाडी घरी आली की लवकरच सस्पेन्शनचा विषय निघतो. गावाच्या तोंडाशी ब्रेकरला पोट घासतं, खड्ड्यात चाक धाडकन आदळतं आणि समृद्धीवर गेलं की गाडी आणखी चिकटून चालावी असं वाटतं. एक मित्र म्हणतो, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं स्प्रिंग-शॉकअपचं किट) टाकून घे. घरातला मोठा माणूस म्हणतो, कंपनीच्या वस्तूला हात लावू नको.

हा लेख या प्रश्नात पहिल्यांदाच पडलेल्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. आपल्या भागात गाडी खाली करून काही हाती लागत नाही, नुसती कडक करूनही नाही. पैसा घालायचाच तर चांगल्या शॉकअपमध्ये घालावा आणि उंची कंपनीनं दिली तेवढीच ठेवावी. नवी गाडी घेत असाल तर कंपनीचं ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे रस्ता बघून स्वतःच ढिलं-कडक होणारं, बुकिंगच्या वेळीच घ्या. जुनी असेल तर ती आधी मूळ स्थितीला आणा आणि त्यानंतर बाहेरच्या वस्तूंकडे बघा.

१. मेकॅनिकशी बोलण्याइतकी माहिती

सस्पेन्शनमध्ये वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात दाबली गेली की ती ताकद साठवते आणि लगेच परत फेकते. ती फेकलेली ताकद आवरण्याचं काम शॉकअपचं. आतल्या तेलाला बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांमधून जावं लागतं, तिथे ताकदीची उष्णता होते आणि गाडी डोलायची थांबते. स्प्रिंग बैल असेल तर शॉकअप म्हणजे कासरा. ढिला सोडला की बैल उधळतो, फार आवळला की चालतच नाही. नवशिके सगळं लक्ष स्प्रिंगवर देतात. गाडीचा खरा स्वभाव ठरतो तो मात्र शॉकअपवर.

बाकीचे भागही ओळखून ठेवा. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार आणि त्याच्या टोकाची लिंक रॉड. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म, त्याचे रबरी बुश आणि बॉल जॉइंट. शॉकअपच्या डोक्यावरचं टॉप माउंट. आणि शॉकअप पूर्ण दाबला गेला तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून दांडीवर बसवलेला फोमचा बंप स्टॉप. हा शेवटचा छोटा तुकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं बरंच काम आहे.

२. तुमचा रस्ता नेमका कसा आहे ते लिहून काढा

पुण्या-मुंबईची माहिती वाचून विदर्भात सस्पेन्शन निवडता येत नाही, कारण आपल्याकडचा रस्ता वेगळ्या पद्धतीनं बिघडतो. काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तडकते. तिच्यावर बांधलेला रस्ता वरून अखंड दिसला तरी खालून वर-खाली झालेला असतो. म्हणून दारव्हा, दिग्रस, आर्वीकडच्या आतल्या रस्त्यांवर खड्डा नसतानाही गाडी होडीसारखी हेलकावते. अशा लांब लाटांवर कडक स्प्रिंगचा उपयोग नसतो. तिथे लागतो तो उसळी परतताना गाडीला आवरणारा शॉकअप.

दुसरा त्रास ब्रेकरचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी सहज निघते. गावात मात्र लोक स्वतःच मुरूम-डांबर टाकून घेतात. उंची तेवढीच किंवा जास्त आणि रुंदी जेमतेम हातभर. पुढची चाकं उतरतात आणि गाडीचं पोट नेमकं त्याच्या टोकावर येतं. बुटक्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तेलाची टाकी, सगळ्यात आधी फुटतो तो इथेच.

त्याच गाडीला चांगला रस्ताही मिळतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, काँक्रीटचा आहे आणि मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबराची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट तर स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला बोलावतच असतो.

एका कागदावर लिहा की तुमच्या महिन्याच्या फिरण्यात आतला रस्ता किती, हायवे किती, घाट किती. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे ब्रेकर मोजा. घर पांदणीला लागून असेल तर तेही लिहा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला गारा आणि दिवाळीनंतर कापसानं भरलेल्या गाड्यांना बाजू देताना डांबरावरून खाली उतरवावं लागणारं चाक, हेही तुमच्या सस्पेन्शनचंच काम आहे. यात आतला रस्ता निम्म्याहून जास्त असेल तर पुढचे बरेच पर्याय इथेच बाद होतात.

३. आधी आहे ते तपासा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. सेकंडहँड स्पोर्ट्स कार ५०-६० हजार किलोमीटर चाललेली असेल, तर तुम्हाला जे ‘कंपनीचं सस्पेन्शन’ वाटतंय ते थकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्याची तुलना नव्या बाहेरच्या किटशी केली की किट जिंकणारच. तुलना नव्याची नव्याशी करा.

गाडी रॅम्पवर घ्या आणि चाकामागे टॉर्च मारा. शॉकअपच्या खालच्या भागावर धूळ बसलेली असणारच. ती कोरडी, करड्या रंगाची असेल तर ठीक. ओली, काळी, बोट लावलं तर तेलकट लागत असेल आणि वरून खाली ओघळ दिसत असेल तर सील गेलं. मग लोअर आर्मचे बुश बघा. पहारीनं हळूच दाब दिला की रबरातली चीर उघडते. मेकॅनिक ‘चालते भाऊ अजून’ म्हणेल, पण चीर आरपार असेल तर चालत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवताना पुढून कट-कट आवाज आला तर टॉप माउंटच्या बेअरिंगवर संशय घ्या. छोट्या खड्ड्यात खुळखुळ आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा असतो आणि ती स्वस्तात होते. टायरवर हात फिरवा. कुठे उंच, कुठे खोल अशा पायऱ्या पडल्या असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाही.

बोनेटवर जोर देऊन गाडी दाबून बघायची जुनी पद्धत पूर्ण गेलेला शॉकअप पकडते, अर्धा थकलेला नाही. तिच्यावर विसंबू नका.

यात जे खराब निघेल ते आधी बदला आणि अलाइनमेंट करून महिनाभर चालवा. बऱ्याच लोकांचा प्रश्न इथेच सुटतो.

४. टायरकडे बघा, तिथे फुकटचं सस्पेन्शन आहे

टायरची भिंत हीच पहिली स्प्रिंग. २३५/३५ आर १९ टायरची भिंत ८२ मिलिमीटर, २२५/४० आर १८ ची ९० आणि २२५/४५ आर १७ ची १०१ मिलिमीटर. यातल्या शेवटच्या दोन मापांत चाकाचा एकूण व्यास जवळपास सारखाच येतो, म्हणजे स्पीडोमीटरचा हिशेब फारसा बिघडत नाही. तुमच्या मॉडेलला कंपनीनं १७ इंची रिमही मान्य केलेली असेल आणि ती ब्रेकच्या कॅलिपरला लागत नसेल, तर १८ वरून १७ वर येणं हा आपल्या भागातला सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. रिम वाकण्याचं आणि टायरला फुगा येण्याचं प्रमाणही त्यानं कमी होतं.

हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला आकडाच खरा. साधारण ५-६ अंश तापमान वाढलं की हवा १ पीएसआयनं वाढते. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी पंपावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नका.

५. कंपनीचा पर्याय: काय मिळतं, कुठे अडतं

कंपनी सस्पेन्शन देते तेव्हा स्प्रिंग, शॉकअप, बार, बुश, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं) आणि ईएसपीचं (गाडी घसरताना सावरणारं) सॉफ्टवेअर हे सगळं एकत्र बसवून तपासलेलं असतं. वॉरंटी राहते, पार्ट नंबर चेसिस नंबरवरून निघतो आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला प्रश्न पडत नाही.

खरा फायदा ॲडॅप्टिव्ह प्रकारात आहे. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीत त्याला डीसीसी म्हणतात, पोर्शेत पीएएसएम, बीएमडब्ल्यूत ॲडॅप्टिव्ह एम. यात शॉकअपमधला व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि सेन्सरच्या माहितीवरून क्षणाक्षणाला ढिला-कडक होतो. मॅग्नेटिक प्रकारात तर तेलातच लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि चुंबकीय क्षेत्र दिलं की तेल घट्ट होतं. ही पद्धत २००२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत पहिल्यांदा आली, पुढे ऑडीनं टीटी आणि आर-८ मध्ये घेतली. पांदणीवर कम्फर्ट आणि घाटात स्पोर्ट असं एकाच गाडीत मिळणं, याची किंमत आपल्यासारख्या मिश्र रस्त्यांवर फिरणाऱ्यालाच कळते.

अडचणी दोन. पहिली, हे नंतर बसवणं जवळपास अशक्य. वायरिंग, कंट्रोल युनिट, सेन्सर, कोडिंग सगळं लागतं, म्हणून ठरवायचं ते बुकिंगच्या वेळी, किंवा सेकंडहँड शोधताना ‘हा पर्याय असलेलीच गाडी’ असं धरून. दुसरी, यातला एक शॉकअप गळाला तर साध्या शॉकअपच्या कितीतरी पट खर्च येतो आणि वस्तू यायला वेळ लागतो.

‘कंपनीचं’ म्हणजे आपोआप उंच किंवा मऊ, असंही नाही. पोर्शेच्या ७१८ केमन-बॉक्स्टरमध्ये पीएएसएम घेतलं की गाडी १० मिलिमीटर खाली येते आणि स्पोर्ट पीएएसएम घेतलं तर २०. गावात राहणाऱ्यानं त्यातलं दुसरं घेऊ नये. उलट ९११ ला पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी लिफ्ट मिळते, ती ताशी ३५ किलोमीटरपर्यंत काम करते. इतक्या महागाची गाडी घेत असाल तर सीटच्या लेदरवरचा खर्च कमी करा आणि ही लिफ्ट घ्या. गावाच्या कमानीखालचा ब्रेकर रोज आहे.

६. बाहेरचा पर्याय: चार प्रकार, त्यातले दोन आपल्यासाठी नाहीत

सर्वांत स्वस्त म्हणजे फक्त लोअरिंग स्प्रिंग, शॉकअप कंपनीचेच. गाडी दिसायला छान होते, पण शॉकअप आधीच अर्धवट दाबलेल्या जागी काम करतो, बंप स्टॉपवर लवकर बसतो आणि लवकर मरतो. आपल्या रस्त्यांवर नको. वेल्डिंगच्या दुकानात स्प्रिंगचा वेढा कापून घेणं याचा तर विचारही करू नका. कापलेली स्प्रिंग सुटून जागेवरून निसटू शकते.

याच्या उलट टोकाला स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर आहेत, ॲक्सेसरीच्या दुकानात सहज मिळतात. गाडी थोडी उचलली जाते, म्हणून ब्रेकरला घासणारे लोक आनंदानं बसवतात. पण बफरनं काही वेढे बंद पडतात, सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो, स्प्रिंग तिथे तुटू शकते आणि शॉकअप त्या वाढलेल्या कडकपणासाठी बनलेलाच नसतो. शंभरावर वेगानं जाणाऱ्या गाडीत हे बसवू नये.

तिसरा प्रकार मला मनापासून पटतो: उंची कंपनीचीच, स्प्रिंगही कंपनीची, फक्त शॉकअप वरच्या दर्जाचे. बिलस्टाइन या शॉकअप कंपनीच्या यादीत बी-४ म्हणजे मूळ दर्जाचा बदली शॉकअप, बी-६ म्हणजे मूळ स्प्रिंगवर चालणारा कडक शॉकअप, बी-८ म्हणजे लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला आणि बी-१२ म्हणजे बी-८ सोबत आयबाख कंपनीच्या स्प्रिंगचं किट. आपल्याला हवा तो बी-४ किंवा बी-६. दुकानदार बी-८ ‘तोच आहे, जास्त स्पोर्टी’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. कोनी कंपनीच्या स्पेशल ॲक्टिव्ह शॉकअपमध्ये आणखी एक सोय आहे. बारीक, झटपट धक्क्यांना त्याचा व्हॉल्व्ह मोकळा होतो आणि गाडीच्या सावकाश डोलण्याला घट्ट राहतो. काळ्या मातीवरच्या लाटा आणि त्यावरचे छोटे खड्डे हे दोन्ही एकाच वेळी सहन करायचे असतील तर मी आधी हा बघेन.

बी-६ मोनोट्यूब आहे, म्हणजे तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन एकाच नळीत, मधे सरकता पिस्टन. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर सलग चालल्यावर तेल तापतं, त्यात फेस होतो आणि पकड सुटते. मोनोट्यूबची बाहेरची भिंत थेट हवेला लागून असल्यानं ती लवकर थंड होते, आणि मे महिन्यात तीस-चाळीस किलोमीटर खराब रस्ता तुडवल्यावर हा फरक हाताला कळतो. पण तिच्या भिंतीवर उडालेल्या गोट्याचा खोल पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. मागचे शॉकअप उघडे असतील तर दर सर्व्हिसला त्यांच्यावर हात फिरवून बघा.

चौथा प्रकार कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येते. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही-१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही-२ मध्ये परतीचा कडकपणाही आणि व्ही-३ मध्ये दाबाचा आणि परतीचा दोन्ही. वस्तू उत्तम, कारागिरी उत्तम. पण यातल्या बहुतेक किटची उंचीची मर्यादा मूळ उंचीच्या खालीच सुरू होते आणि आपल्याकडचा गारा आट्यांत शिरून वाळला की रिंग जाम होते. तुम्ही खरोखर ट्रॅकवर जात असाल, कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, तर गोष्ट वेगळी. चिखलदऱ्याच्या घाटासाठी कॉइलओव्हर लागत नाही. घाटातल्या वळणावर मधेच उखडलेलं डांबर आलं की कडक गाडी तिथे उडी मारून बाहेर सरकते आणि बेताची मऊ गाडी चाक खाली धरून ठेवते.

७. ऑर्डर देण्याआधी मोजमाप

सपाट फरशीवर गाडी लावा, टाकी अर्धी भरलेली, हवा बरोबर. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा आणि चारही आकडे लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजला की आकडा बदलतो. मग पोटाखाली सर्वांत खाली आलेला भाग शोधून त्याची जमिनीपासूनची उंची घ्या. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये ती १३ सेंटिमीटरच्या आसपास येते. चार माणसं आणि मागे संत्र्यांच्या पेट्या ठेवल्या की आणखी दोन-तीन सेंटिमीटर जातात.

हे आकडे का हवेत? भारतात विकताना बऱ्याच कंपन्या गाडीची उंची थोडी वाढवून देतात, आणि युरोपच्या किटवर लिहिलेलं ‘३० मिलिमीटर खाली’ हे युरोपच्या गाडीपासून मोजलेलं असतं. इथली गाडी १५ मिलिमीटर उंच असेल तर तेच किट तिला ४५ मिलिमीटर खाली आणेल. जाहिरातीतला आकडा न बघता ‘चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत किती राहील’ हे विक्रेत्याला विचारा.

आता तो बंप स्टॉप. पुढच्या शॉकअपवरचं धुळीचं रबर वर सरकवा, आतली चकचकीत दांडी दिसेल. पन्नास पैशांची प्लास्टिकची केबल टाय त्या दांडीवर बांधा, घट्ट पण सरकेल अशी, आणि खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवून ठेवा. रबर पुन्हा खाली करा आणि तुमच्या रोजच्या वाटेनं नेहमीच्या वेगानं फिरून या. त्याच चार ब्रेकरवरून, त्याच मोरीवरून. परत येऊन बघा. टाय जिथे सरकून थांबली तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला होता. फोम थोडा दबणं आजच्या गाड्यांत कंपनीनंच धरलेलं असतं, पण टाय पार वर फोमात रुतलेली असेल तर आहे त्या उंचीवरच शॉकअपची दाबली जाण्याची सगळी जागा संपतेय. अशा गाडीला २५-३० मिलिमीटर खाली करणं म्हणजे रोज शेवटच्या टोकावर आदळणं. टाय मधेच थांबली असेल तर हातात अजून जागा आहे. उलटे बसवलेले मोनोट्यूब स्ट्रट (पुढच्या चाकाला धरणारे खांबासारखे शॉकअप) असतील तर ही युक्ती पुढे चालत नाही, मागच्या शॉकअपवर करून बघा.

आणखी एक नजर लोअर आर्मवर टाका. उभ्या गाडीत तो चाकाकडे थोडा उतरता किंवा आडवा असावा. गाडी इतकी खाली केली की तो चाकाकडे वर चढतो, तर गाडी वळणावर उलट जास्त कलू लागते आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. खाली केली म्हणजे चिकटून चालेल हा समज इथे मोडतो.

ऑर्डर देताना चेसिस नंबर द्या. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत पुढच्या स्ट्रटचा व्यास ५० मिलिमीटर असतो, काहींत ५५. एकाच मॉडेलमध्ये मागचा ॲक्सल साधा किंवा मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला अनेक आर्मनी वेगळं धरणारा, असू शकतो. नावावरून मागवलेली वस्तू बसली नाही तर ती नागपूरहून परत पाठवण्यात महिना जातो. गाडीत ॲडॅप्टिव्ह शॉकअप असतील आणि साधे बसवणार असाल तर डॅशबोर्डवर दिवा लागेल. त्यासाठीचं मॉड्यूल किंवा कोडिंग किंमतीत धरलंय का, तेही आधीच विचारा.

८. कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा, त्याच उंचीचा दुसरा बसवणं ही दुरुस्तीच्या जवळची गोष्ट आहे. चेसिसला वेल्डिंग, स्प्रिंग कापणं, उंची बदलणं हे तसं नाही. शंका असेल तर आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीला ईमेलनं कळवा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरनं कागद मागितला तर तोंडी सांगितलेलं उपयोगी पडत नाही.

९. बसवताना उभे राहा

गावातला मेकॅनिक हुशार असतो, पण या कामात काही गोष्टी हमखास चुकतात. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळले, की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हातानं बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी आणि मगच टॉर्क रेंचनं (ठरलेल्या मापाइतकंच आवळणाऱ्या पान्यानं) शेवटचा पीळ द्यावा. हे मेकॅनिकला काम सुरू होण्याआधी सांगा, मधे नाही.

शॉकअपच्या डोक्याचा नट एअर गननं सोडू-आवळू देऊ नका, आतली दांडी गरगर फिरून सील खराब होतं. स्प्रिंग दाबायला नीट कॉम्प्रेसरच हवा. दोरी-साखळीनं बांधलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. जे बोल्ट कंपनीनं एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेत ते नवे घ्या. नवे बंप स्टॉप, धुळीचं रबर आणि टॉप माउंट त्याच वेळी बदलून टाका, मजुरी एकदाच लागते. शॉकअप नेहमी जोडीनं बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकच कधीच नाही.

जवळ असं काम करणारा नसेल तर नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला न्या. पुसदहून किंवा राळेगावहून दिवस मोडेल, पण अलाइनमेंटचं चांगलं मशीनही तिथेच मिळेल.

१०. बसवल्यानंतर

त्याच दिवशी चारही चाकांची अलाइनमेंट करा आणि प्रिंट घ्या, आधीची आणि नंतरची. साधारण ५०० किलोमीटर झाले की सगळं आपल्या जागी बसतं, तेव्हा पुन्हा एकदा तपासा आणि फेंडरचे चार आकडे कागदावरच्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. डावी-उजवी बाजू पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळी दिसली तर स्प्रिंग आपल्या खाचेत बसलेली नाही. हेडलाइटचा झोत बघून घ्या. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाडीत उंची किंवा अलाइनमेंट बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागू शकतं, ते शोरूमला विचारा.

पहिला आठवडा शॉकअप कडक वाटतील. नवं सील आणि नवं रबर मोकळं व्हायला तेवढा वेळ लागतो, लगेच विक्रेत्याशी भांडू नका. महिन्यानंतरही आतल्या रस्त्यावर डोकं हलत असेल तर पहिल्यांदा टायरची हवा बघा.

पावसाळा संपला, सोयाबीन निघालं आणि रस्ते कोरडे झाले की चाकांच्या कमानी आतून पाण्यानं धुवून घ्या. स्प्रिंगच्या खालच्या बशीत गारा साचून राहतो, त्यात ओल धरते आणि स्प्रिंग तिथेच गंजून तुटते. धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट शॉकअपच्या सीलवर मारू नका, बाजूनं सोडा. वाळल्यावर टॉर्च घेऊन तिसऱ्या टप्प्यातली तपासणी पुन्हा करा: तेलाचा ओघळ, बुशची चीर, टायरवरच्या पायऱ्या.